सारवलेल्या जमिनीवरची टरफलं

पुण्याच्या एका चित्रकाराने माझ्या आईला फसवलं. परवा लोणावळ्याच्या हॉटेलात भाजीपुरवठ्याचा सौदा करायला गेलो, तिथे भिंतीवर त्याने काढलेलं आमच्या घराचं चित्र दिसलं आणि टर्पेंटाइनचा जुना वास नाकात शिरला.

तो गावात आला तेव्हा मी नुकताच टेम्पो घेतला होता. घराचं चित्र काढणार म्हणून आईने भाजे गावातल्या आमच्या घरात पहाटेच सारवलं, तांब्याचा हंडा चिंचेने घासला, ठेवणीतलं लुगडं नेसली. ते पाहून चित्रकार साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आईला जुनेर नेसायला लावलं, हंडा आडवा केला, चुलीपुढे कांद्याची टरफलं पसरली.

"मावशी, डच चित्रकार खेड्यातली घरं अशीच रंगवायचे. पसारा हवा."

"माज्या घरात पसारा? लोक नावं ठेवत्याल, भाऊ."

"तुमचं घर कोण ओळखणार आहे?"

आई बसली. ओल्या शेणाच्या वासात, पायाच्या बोटांनी हळूच टरफलं गोळा करत राहिली.

तेव्हा हा माणूस मला मोठा वाटला. आता मोबाइलवर ती डच चित्रं पाहिली. त्यांत लखलखीत भांडी आहेत, दारातल्या उन्हात फरशी झाडणारी बाईही आहे. ती याला दिसली नाही. खेडं म्हटलं की याला घाणच हवी.

हॉटेलातला वेटर आमच्याच गावचा. म्हणाला, "दादा, या तुमच्या आईच ना? घर असंच ठेवायच्या व्हय?"

आई आता नाही. साहेब, तुम्ही आहात. भाज्याला या आणि चारचौघांत सांगा, ती टरफलं कुणी टाकली.