गुणाजींनी वाळवलेला टॅब

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात गुणाजी म्हात्रे यांचं काम एकच: मूर्ती वाळली की नाही ते सांगणं. बोटाच्या पेराने मूर्तीच्या पाठीवर टकटक करायची, कान लावायचा आणि ‘वाळली’ म्हणायचं. तोवर रंगारी ब्रशला हात लावत नाहीत. माणसाला एवढा अधिकार मिळाला की जगातली प्रत्येक ओली वस्तू त्याला आपल्याच खात्यातली वाटू लागते.

म्हणून लेकीच्या टॅबवर चहा सांडून तो बंद पडला, तरी गुणाजी डगमगले नाहीत. खरं तर डगमगायला हवं होतं. लेक अपेक्षा रोह्याला कंपनीत नोकरीला. टॅब गडब गावी घरी ठेवताना तिने बजावलं होतं, की बैलगाडीच्या शर्यती खुशाल बघा, पण चहा लांब ठेवून. शनिवारी ती येणार होती. त्याआधी टॅब सुरू झाला की कबुलीची भानगडच उरणार नव्हती.

बायको मैना म्हणाली, मोबाईलवाल्याकडे न्या. गुणाजींना तो अपमान वाटला.

“जन्मभर वाळवायचंच काम केलंय मी. त्याला काय कळतंय?”

टॅब कारखान्यात गेला. उन्हात तडा जाईल म्हणून सावलीत, फळीवर, दोन गणपतींच्या मधोमध उभा राहिला. साच्याला माती चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पांढरी भुकटी लावतात. ओल टिपायला ती गुणाजींनी चार्जरच्या भोकात दाबून भरली. शुक्रवारी पाठीवर टकटक केली, कान लावला. वाळला होता. मात्र बटण दाबून उजेड पडेना आणि चार्जरची पिन आत जाईना. वस्तू वाळली की आकसते, असं स्वतःला समजावून त्यांनी टॅब घरी नेऊन जागेवर ठेवला.

शनिवारी अपेक्षाने सुईने टोकरून भोकातून एक घट्ट, पिवळसर खडा बाहेर काढला.

“बाबा, हे काय?”

“हवा दमट हाय. साचतं कायबाय.”

अपेक्षाने खडा नाकाशी धरला.

“हवेत आलं टाकलं होतं काय?”

मैना पदर तोंडाला लावून आत गेली.

जेवणं होईस्तोवर टॅब चार्ज होऊन मुकाट्याने सुरू झाला, आणि रविवारी अपेक्षाबरोबर रोह्याला गेला. गुणाजी आता शर्यती मोबाईलवाल्याच्या दुकानात उभ्याने बघतात. चहा तो पाजतो, पण काउंटरच्या अलीकडे.