साहेबांची मंजुरी

लेकीची कादंबरी कुत्रा तपासतो, हे आईने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारणीने विचारलं, तर 'होत आलंय लिहून' एवढं बोलून ती भाजीच्या विषयावर जायची.

घरात कुत्रे दोन. धाकटीने आल्या दिवशीच कपाटाची किल्ली गिळली, म्हणून तिचं नाव किल्ली. गिळलेली किल्ली तिसऱ्या दिवशी मिळाली, पण ते कपाट अजूनही कुणी खुशीने उघडत नाही. थोरले ते साहेब. हे नाव आईने ठेवलं. तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काढताना तिने सहा साहेब पाहिले होते. कागद वाचून दाखवला की ते डोळे अर्धे मिटायचे, आणि पटलं नाही की एक शब्द न बोलता उठून जायचे. कुत्र्याच्या पिल्लाने पहिल्याच आठवड्यात हे दोन्ही करून दाखवलं.

लेक चाळिशीची, लग्न न केलेली, आणि स्वतःच्या एका वाक्यावरही विश्वास नसलेली. लिहून झालं की ती टेबलाशी बसून पान मोठ्याने वाचायची. साहेब तिच्या उजव्या सपातेवर हनुवटी टेकून पडायचे. शेवटपर्यंत पडून राहिले तर पान मंजूर. मध्येच उठून स्वयंपाकघरात गेले तर नामंजूर, आणि मग ते पान किल्लीच्या ताब्यात. किल्ली फाडण्यात इतकी तरबेज की पुन्हा जोडायचा मोह व्हायला नको. दोन वर्षांत अशी तीनेकशे पानं गेली. आई त्यांचे तुकडे झाडून काढायची, पण पोरीचं काम आहे, आपण मध्ये कशाला पडा, म्हणून ती गप्प बसायची.

आता मात्र गप्प बसवेना. प्रकाशकाने तीन मुदती वाढवून दिल्या होत्या. चौथीच्या पत्रात लिहिलं होतं, 'शुक्रवारपर्यंत हस्तलिखित न आल्यास आपण समजून घ्यावे.' असली पत्रं आईने स्वतः शेकड्याने टाइप केली होती. त्यातलं समजून घ्यायचं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि शेवटचं प्रकरण साहेबांनी अकरा वेळा नामंजूर केलं होतं. लेकीचं जेवण सुटलं होतं, नखं संपली होती.

मंगळवारी आईच्या हातून कुकरचं झाकण निसटून साहेबांच्या अगदी मागे पडलं. किल्ली पलंगाखाली गेली, लेक बाहेरच्या खोलीतून धावत आली. साहेब फ्रिजकडे बघत बसले होते, तसेच बसून राहिले.

बुधवारी आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. लेकीला सांगितलं, नखं कापायला डॉक्टरांकडे नेते. डॉक्टरांनी साहेबांच्या मागे उभं राहून स्टीलच्या ट्रेवर चिमटा बडवला, टाळ्या वाजवल्या, शेवटी शिट्टीही मारली. साहेब भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.

"ठार बहिरा आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं तरी झाली असतील."

आईच्या तोंडून निघून गेलं, "मग मजकूर कसा तपासतात हे?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि रक्तदाब कधी तपासलाय असं विचारलं. साहेबांचा नव्हे.

घरी येईपर्यंत आईच्या डोक्यात एकच घोळत होतं. तीनशे पानं. हे लेकीला कळलं तर ती उरलेली पानंही किल्लीपुढे टाकेल, आणि मग पुढच्या जन्मी तरी लिहील की नाही कोण जाणे. दुपारी लेकीने प्रकरण बाराव्यांदा लिहून वाचायला घेतलं, तेव्हा आई दाराआड उभी राहिली.

गोष्ट घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईची होती. शेवटच्या प्रकरणात तिची पंधरा वर्षं न बोललेली बहीण दुकानात येते, आणि दोघी गळ्यात पडून रडतात. हे रडणं जवळ आलं तसा लेकीचा उजवा पाय सपातेत हलायला लागला. आधी अंगठा, मग अख्खा पंजा, शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा. साहेबांची हनुवटी थडथड उडायला लागली. बिचाऱ्यांनी दोन ओळींपर्यंत सहन केलं आणि ते उठून गेले.

आईने तो पाय लगेच ओळखला. तो तिचाच होता. 'पत्र कालच गेलं, साहेब,' असं न गेलेल्या पत्राबद्दल सांगताना टेबलाखाली तिचा उजवा पाय अस्साच उडायचा.

गुरुवारी सकाळी तिने लेकीच्या उजव्या सपातेत चार बिस्किटं चुरून आत नीट थापली. किल्लीला न्हाणीघरात कोंडलं. लेक म्हणाली, सपात का गं अशी खरखरते? आई म्हणाली, नवा साबण आहे.

तेराव्या खेपेचं वाचन सुरू झालं. बहीण दुकानात आली, पाय उडायला लागला. पण साहेब काही हलेनात. नाक सपातेत खुपसून, दोन्ही पंजांनी लेकीचा घोटा धरून ते चाटत राहिले. बहिणी गळ्यात पडल्या, साहेब चाटताहेत. अश्रू, हुंदके, साहेब चाटताहेत. न्हाणीघरात किल्ली दार खरवडत होती. आईने मनातल्या मनात हस्तलिखित पाकिटात घालून वर पत्ताही लिहिला.

लेक वाचायची थांबली. पानं खाली ठेवून तिने साहेबांकडे पाहिलं.

"हे आवडलं तुम्हाला?" तिने विचारलं. "हे? अहो, असं कोण रडतं पंधरा वर्षांनी?" मग दाराकडे वळून म्हणाली, "आई, साहेबांची चव गेली गं. वय झालं त्यांचं. आता माझं मलाच बघायला हवं."

तिने पानं स्वतःच्या हाताने फाडली, सपाता काढून ठेवल्या आणि अनवाणी लिहायला बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. नव्या प्रकरणात बहीण बंद पडलेलं घड्याळ घेऊन येते. बाई ते उघडते, साफ करते, चालू करून परत देते. दोघी हवापाण्याचं बोलतात. बहीण जाते. एवढंच. ते लेकीने कुणालाही वाचून दाखवलं नाही. आईने चोरून वाचलं, आणि बराच वेळ ती ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिली.

शुक्रवारी दुपारी पाकीट प्रकाशकाकडे पोचतं झालं. लेक दोन दिवसांचं एकदम जेवली. आई समोर बसली होती, साहेब आईच्या उजव्या पायावर हनुवटी टेकून पडले होते, आणि किल्ली रिकामी सपात खात होती.

"अगं, परवा डॉक्टर काय म्हणाले साहेबांचं?" लेकीने विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "ठणठणीत आहेत. कान तर एकदम तिखट."

साहेब उठले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली वाकून आईच्या उजव्या पायाकडे पाहिलं.