पांगाऱ्याचं विमान

सन दोन हजार चार. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणतो. त्या उन्हाळ्यात दादाचं अर्धं अंग गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू. बोलणंही गेलं. डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण डोक्यातलं बाहेर कसं काढायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

दादाचा मुलगा पुण्यात नोकरीला. तो भाद्रपदात आला आणि म्हणाला, "नाना, दिवाळी झाली की बाबांना मी घेऊन जातो. आता कायमचं तिकडंच. तिथं दवाखाना जवळ."

मी म्हणालो, "त्यालाबी इचार की."

दादा बाजेवर बसला होता. त्यानं डावा हात वर केला आणि माळ्याकडं बोट दाखवलं. आम्ही माळ्यावरचं एकेक खाली काढत गेलो. पाटी, जुना कंदील, गोधडी. तो मान हलवत राहिला. शेवटी पत्र्याची लांब पेटी निघाली, तेव्हा त्याचा हात खाली आला.

पेटीत त्याचं विमान होतं. म्हणजे कधीकाळी होतं. आता निम्मी पेटी वाळवीची माती. एक पंख तेवढा धड राहिला होता, एका फडक्यात गुंडाळलेलं लहान इंजिन होतं, आणि वर एरियलची लांब तार असलेला रिमोट.

हे विमान दादानं बाण्णव साली आणलं. लष्कराच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन आला तो खोकं घेऊनच. खोक्यात नुसत्या पांढऱ्या हलक्या काड्या आणि पट्ट्या. आख्खा श्रावण तो ते चिकटवत बसला, शेतात पाऊल नाही. मग निरगुडसरच्या माळावर त्यानं ते उडवलं. मेंढरं चौफेर पांगली आणि मेंढके शिव्या द्यायला आले, ते तिथंच वर बघत उभे राहिले. त्यानंतर काही वर्षं दर दिवाळीला तो ते उडवायचा. रिमोटला मात्र कुणाला बोट लावू द्यायचा नाही. मला म्हणायचा, "तुझा हात कुळवाचा. ह्याला न्हाई लावायचा."

"मला काय करायचंय तुझ्या खेळण्याशी," मी म्हणायचो. पण माळावर मी दर वेळी असायचो.

आता त्यानं पेटी का दाखवली? मला द्यायची होती? पुण्याला न्यायची होती? का ते एकदा उडताना बघायचं होतं? मी विचारलं, "दादा, उडवायचं का परत?" त्यानं डोळे मिटले. हो म्हणाला का दमला, देव जाणे. मी हो धरलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेलो, "तू जायच्या आदी हे माळावर उडंल." आता बोललो म्हणजे बोललो.

दुसऱ्या दिवशी मंचरहून एसटी धरून पुण्याला गेलो. धड राहिलेला पंख पोत्यात घातला होता. असल्या विमानांचं दुकान शोधण्यात निम्मा दिवस गेला. दुकानदारानं पंख हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "आजोबा, हे किट बंद झालं."

"कंपनी बुडाली का?"

"नाही, कंपनी चालू आहे."

"तुमी आणायचं सोडलं?"

"आम्ही बाकीचं सगळं आणतो."

"मग बंद काय झालं?"

"हे विमान."

मला काही उमगेना. कंपनी आहे, दुकान आहे, घेणारा समोर उभा आहे, आणि विमान तेवढं बंद. त्यानं मला दुसरं दाखवलं. तयारच होतं, पांढरं, बोटानं दाबलं की दबणारं. मी म्हणालो, "हे आमच्यात गणपतीच्या मखराला लावत्यात." त्याला राग आला असावा. तरी इंजिनाचं तेल, नाकावर फिरणारा पंखा आणि रिमोटचे सेल त्यानं दिले आणि पंख कसल्या लाकडाचा तेही सांगितलं. ते नाव माझ्या जिभेवर बसलं नाही. आपल्याकडं होत नाही, एवढं कळलं.

तरी बेल्ह्याच्या बाजारात बघून आलो. तिथं जुन्या-पान्या वस्तू विकणारे बसतात, माझ्या मनात आलं कुणाकडं तरी असलंच खोकं पडलं असेल. एक बैलांचा दलाल माझ्या पोत्यात डोकावला.

"काय इकायला आणलंय, पावणं?"

"इकायला न्हाई, घ्यायचंय. इमान."

"दोन दाती पायजे का जुळलेलं?" बैलाचं वय विचारावं तसं तो ओरडून म्हणाला आणि अख्खी दावण हसली. "रंग कंचा? आन् इमानाला शिंगं बघायची का न्हाई, राव?"

मी पोतं खांद्यावर टाकलं आणि निघालो. पण वाटेत टेम्पोत बसल्या बसल्या पोत्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, असलं हलकं लाकूड मी कुठंतरी धरलंय. घरी आलो आणि गोठ्यात वर बघितलं. आढ्याला पांगाऱ्याचे बिंडे लटकत होते. आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधतात, तोच बिंडा. मला दादानंच शिकवलं होतं, असलाच बिंडा बांधून वरून ढकलून दिलं होतं. हे बिंडे पोरं मोठी झाल्यापासून तिथंच वाळत होते. खाली काढले, तर हातात काही आहे असं वाटेना.

पाण्यावर तरंगतं ते वाऱ्यावर का तरंगणार नाही? माझं शिक्षण तिसरीपर्यंत. त्यापुढं मला कोणी काही शिकवलेलं नाही, जे केलं ते बघून बघून केलं. जुना पंख समोर ठेवला आणि त्याच्याबरहुकूम पट्ट्या काढत गेलो. करवत, रंधा, कानस. दुसरा पंख पहिल्याला उलटा धरून केला. पोट आणि शेपूट दादाच्या इशाऱ्यावर. मी कोळशानं जमिनीवर काढायचो आणि तो डाव्या पायाच्या अंगठ्यानं पुसायचा. नऊ वेळा पुसलं असेल, का जास्त. ते पुसणं म्हणजे 'चुकलं' होतं का 'दुसरं काढ', हेही मला धड कळत नव्हतं.

सांगाडा झाला. मग मी त्याला तेल पाजलं. आमच्यात नवं लाकूड तेल पाजल्याशिवाय शेतात जात नाही. कुळव असो, पाभर असो, गाडीचं चाक असो. नाहीतर उन्हानं तडकतं. जवसाच्या तेलाचा डबा काढला आणि दिवसातून दोनदा फडकं फिरवायला लागलो. पांगारा तेल असं प्यायचा की बघत राहावं.

बायको म्हणाली, "अवो, किती पाजताय त्याला? आजारी म्हैस हाय का ती?"

"तुला काय कळतंय," मी म्हणालो.

वरून पतंगाचा कागद लावायला घेतला, तर खळ धरेना. मला वाटलं पीठच जुनं. मग डिंक आणला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विमान दादासमोर ठेवलं. बघणारे म्हणाले, हुबेहूब. दादानं डाव्या हातानं एक बाजू उचलली आणि सोडून दिली. मला वाटलं हातात जोर नाही. मग त्यानं जुना पंख माझ्या हातात दिला. तो काढून घेतला आणि माझा हात नव्या पंखावर ठेवला. परत जुना. परत नवा. मी म्हणालो, "रंगात फरक हाय, दादा. जुना कागद पिवळा व्हता." त्यानं बाजेवर हात आपटला. मी पिवळा कागद आणून परत लावला. ते बघून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी अख्खी दिवाळी विचार करत होतो की आता काय चुकलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या गाडी घेऊन आला. जाताना माळावरून जायचं ठरलं. दादाला खुर्चीत बसवलं. रिमोटला दोन दांड्या असतात, दोन्ही अंगठ्यांनी चालवायच्या, आणि दादाचा अंगठा एकच. त्यानं रिमोट मांडीवर घेतला आणि माझा उजवा हात धरून उजव्या दांडीवर ठेवला. त्याच माणसानं, ज्यानं मला कधी बोट लावू दिलं नव्हतं. डावी दांडी त्याची, उजवी माझी. मी खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसलो. माझ्या दांडीनं काय होतं हे मला माहीत नव्हतं आणि त्याला सांगता येत नव्हतं.

पुतण्यानं पंखा फिरवला. इंजिन तिसऱ्या वेळेला लागलं आणि त्याच्या तेलातल्या एरंडेलाचा तोच वास आला, बाण्णव सालचा. विमान पळायला लागलं. दादा त्याची दांडी पुढं रेटत होता आणि खांद्यानं मला ढकलत होता. मी माझी मागं ओढली. विमान खोंडासारखं माळ तुडवत पळत राहिलं. एकदा पुढची चाकं उचलली, परत खाली आली. शेवटी घाणेरीच्या झुडपात घुसून थांबलं.

पुतण्या तुकडे गोळा करून आला. पंख मधोमध मोडला होता. दादानं मोडलेल्या जागी बोटं घातली. बोटं तेलानं चकचकीत झाली. ती त्यानं माझ्यासमोर धरली आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसली. छातीवर. सावकाश.

तेव्हा मला कळलं. जुना पंख, नवा पंख. तो मला तेलानं वाढलेलं वजन दाखवत होता आणि मी कागद बदलत होतो.

मग दादाच्या तोंडाची डावी बाजू वर गेली, खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या तोंडाची उजवी बाजू काही सांगत नाही. त्यामुळं तो हसत होता का रडत होता, हे बराच वेळ बघूनही मला समजलं नाही. पुतण्या म्हणाला, "हसतायत, नाना." मला तसं वाटलं नाही. थोड्या वेळानं तसंच वाटलं.

गाडीत बसवताना मी रिमोट घ्यायला हात पुढं केला. दादानं तो पोटाशी धरला.

"बाबा, द्या की नानांना. पुण्यात काय करायचाय?"

त्यानं दिला नाही. मी ओढून बघितला, पण डाव्या हाताची पकड अजून लष्करातली. गाडी गेली. रिमोट का नेला त्यानं? परत असला उद्योग करू नकोस म्हणून? का पुढचं विमान त्याच्याशिवाय उडू नये म्हणून? रस्ता मोकळा झाला तरी मी तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेऊन विहिरीवर गेलो. तिथल्या पांगाऱ्याची मांडीएवढी फांदी उतरवली, साल काढली आणि गोठ्याच्या सावलीला वाळत घातली. मग जवसाच्या तेलाचा डबा बायकोच्या हातात दिला आणि सांगितलं, "हा कुठंतरी लपवून ठेव. मी मागितला तरी देऊ नको."