आत्याचं एपिक्युरस मंडळ

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा, हिरडीला कुठे टोचणार नाही ना ते बोट फिरवून पाहायचं. दिवसभर हेच. शनिवारी संध्याकाळी मात्र ती इमारतीच्या गच्चीवर असते. सोबत एक शिंपी, खालच्या मजल्यावरची नर्स आणि निवृत्त पोस्टमन. कधीमधी मीही. पाव, चीज, पाणी आणि पोटभर गप्पा. या बैठकीला तिने एका प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव दिलं, ‘एपिक्युरस मंडळ’.

नावानेच घोळ केला. सोसायटीच्या अध्यक्षांनी फोनवर शोधलं, ‘सुख हेच ध्येय’ एवढंच वाचलं आणि गच्चीची किल्ली काढून घ्यायला तरातरा वर आले.

“ताई, या वयात भोगवाद? शोभतं का हे?”

“बसा ना अध्यक्षसाहेब. भोगायला पाव आहे. जरा कडक आहे, पण तुमची कवळी मीच केलीय. चावेल.”

पोस्टमनकाकांना ठसका लागला.

अध्यक्षांनी बाटली उचलून हुंगली. पाणीच! “मग यात सुख कसलं?”

“हेच तर एपिक्युरस सांगायचा. अंग दुखत नाही, जिवाला घोर नाही, समोर आपली माणसं आहेत. आणखी काय हवं? हाव वाढली की झोप उडते. लोकांनी अर्धवट ऐकलं आणि बिचाऱ्याला खादाड ठरवून मोकळे झाले.”

अध्यक्ष वरमले. “बरं, असं करू. इथे आरोग्यावर व्याख्यानं होतात, असं कमिटीला सांगतो. तुम्ही तो सुखबिखाचा विषय काढू नका. किल्ली राहू द्या.”

नर्सने आत्याला कोपराने ढोसलं, हो म्हण म्हणून. दुसरी जागा कुठे होती? शिंपीकाकांच्या खोलीत मशीन सोडून चौघं मावत नाहीत.

आत्याने किल्ली अध्यक्षांच्या हातावर ठेवली. “आम्ही सुखासाठीच जमतो. चोरून कशाला?”

पुढच्या शनिवारी मंडळ जिन्यात भरलं. येणारेजाणारे विचारायचे, “इथे काय चाललंय?”

“सुख,” आत्या सांगायची आणि सरकून जागा करायची.

बरेच जण टेकले ते टेकलेच. माझी आत्या आहे ती, हे मी आता कुणी न विचारता सांगतो. जिन्यात पाय ठेवायला जागा नसते. दर शनिवारी अध्यक्ष मुकाट्याने लिफ्टने जातात.