रुखवतासाठी केलेलं घर

धाकट्या बहिणीचं लग्न चेणे गावात ठरलं तेव्हा लढाई चालू होती आणि आमची आई अंथरुणाला खिळलेली होती. वडील दिवसभर भाईंदरच्या मिठागरात. विहिरीचं पाणी, चूल, गाय आणि आईचं उठणं-बसणं सगळं माझ्याकडे. त्यात बहीण म्हणाली, "बाय, मला रुखवतात आपलं घर करून दे. मधलीला दिलंस तसं."

मधल्या बहिणीच्या लग्नात मी पुठ्ठ्याचं एवढंसं घर केलं होतं. व्याह्यांकडच्या बायकांनी ते या हातातून त्या हातात फिरवलं. तेव्हापासून नात्यात लग्न निघालं की माझ्याकडे निरोप यायचा. कुणाला बैलगाडी हवी, कुणाला तुळशीवृंदावन, कुणाला पाणी भरणारी बाई. मी करत गेले. मला ते आवडतं का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही विचार करायला सवड नव्हती.

या वेळी मात्र नको म्हणावंसं वाटलं. पण ती घरातली शेवटची मुलगी होती. मी "बरं" म्हटलं.

दुपारी आईला भरवून झालं की तिच्या खाटेशेजारीच पसारा मांडायचे. लढाईमुळे पुठ्ठासुद्धा मिळेना. दुकानदाराकडून साबणाचं रिकामं खोकं मागून आणलं. खळीला पीठ वापरणं जिवावर यायचं, म्हणून भाताच्या पेजेवर भागवलं. भिंतींना चुना आणि गेरू, चुलीला काजळ, करवंटीच्या तुकड्यांची भांडी. पाण्यात राबून बोटांना चिरा पडलेल्या होत्या, त्यांत चुना गेला की डोळ्यांत पाणी यायचं. कधी कधी हातात कात्री तशीच राहायची आणि माझा डोळा लागायचा. आई हाक मारायची, "पोरी, कात्री लागंल."

घर झालं, मग माणसं केली. ओटीवर वडील, विहिरीवर बहीण. आईला चिंध्यांची केली, लाल लुगडं नेसवलं आणि चुलीपाशी उभी केली. पूर्वी ती असायची तशी. तिला बरं वाटेल म्हणून खोकं तिच्या उशाशी नेलं.

तिने बराच वेळ पाहिलं. मग चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही मी काय?"

"हो."

"हिला बसव गं. जल्मभर उबीच हाय ती."

मी सुई ओवली. बाहुलीचे पाय दुमडून टाके घातले, खाली चिंधीचा पाट केला आणि तिला भिंतीला टेकवून बसवलं. आईने पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि कुशीवर वळून डोळे मिटले.

लग्नात घराचं कौतुक झालं. एक म्हातारी म्हणाली, "आई बसल्याली, मंग चुलीवर कोन?" बायका हसल्या. बहिणीने त्या घराकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते. खोकं गाडीत मांडीवर घेऊनच ती गेली.

पुढच्या भाताच्या कापणीआधी आई गेली. तिचं सगळं आवरून झाल्यावर मी चेण्याला बहिणीकडे गेले. घर फडताळात होतं. दमट हवेने भिंती फुगून वाकल्या होत्या, छपराला उंदराने भोक पाडलं होतं.

"बाय, नीट करून देशील?" तिने विचारलं. "माझ्या नणंदेलाही एक हवंय."

"नाही गं," मी म्हणाले. "आता माझ्याने होणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हटलं असेल. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, फडताळाचं दार लावलं आणि ओटीवर घोंगडी अंथरून दिली. मी आडवी झाले. आत ती भाकऱ्या थापत होती, तो आवाज थोडा वेळ ऐकू आला. मग मला झोप लागली आणि जेवणवेळ होऊन गेली तरी तिने मला उठवलं नाही.