आधी मंदिर की आधी टपरी

श्रीगजाननाला आणि वाग्देवी शारदेला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त आनंदाचे आहे. माझ्या नातीने येथील, रायपूरच्या, महाविद्यालयातून पत्रकारितेची पदवी संपादन केली.

तिने हा अभ्यासक्रम निवडला तेव्हा मी साशंक होतो. भरभर लिहिणे आणि कॅमेऱ्यासमोर चढ्या आवाजात बोलणे, एवढ्यासाठी तीन वर्षे कशाला, असे वाटे. ती शंका पहिल्याच वर्षी फिटली.

महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी तिला आमच्या पाऱ्याची, म्हणजे वस्तीची, हकिकत लिहावयाची होती. हनुमान जयंतीच्या सभेत ती मी स्वतः वाचणार, असे मंदिराचा अध्यक्ष या नात्याने मी सर्वांना सांगूनही टाकले होते. म्हणून पहिले वाक्य मीच सुचवले, "या पाऱ्यात आधी मारुतीरायाचे मंदिर उभे राहिले, मग घरे."

नातीचा हात थांबला. "आबा, तुमी खुद पाह्यलं का हे?"

"मी तेव्हा नागपूरला पाठशाळेत होतो. वडिलांनी सांगितले."

"मग तसंच लिहीन ना. सर म्हणतात, पाह्यलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. अन् आणखी एकाले विचारल्याशिवाय लिहायचं नाही."

ती समोरच्या काकूंकडे निघाली. मीही मागोमाग गेलो. पाऱ्यात त्यांच्याहून जुने कोणी नाही, असा माझा समज होता.

"असं काहून सांगून राहिले, भाऊजी?" काकू हसत सुटल्या. "पहिले तर चहाची टपरी होती! म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यली. तुमचे वडीलच सकाळ-सकाळ तिथं बसून राहत. मंदिर मागून झालं."

नात हसू दाबून लिहीत होती. मला मात्र सभा दिसू लागली. अध्यक्षाने मारुतीरायाच्या आधी टपरी कोणत्या तोंडाने वाचावी? परतताना मी हळूच म्हणालो, "टपरी वगळता नाही येणार?"

"येईन ना आबा. मग तुमचं मंदिरबी वगळतो."

यावर मलाच हसू फुटले. संस्कृतात, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी क्रियापदाचे रूपच निराळे असते. ती रूपे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली. त्यांच्यामागची सत्यनिष्ठा या मुलांना व्रतासारखी पाळायला शिकवतात, हे कळून मन प्रसन्न झाले. शिक्षणाचा आणखी कोणता हेतू असावा?

सभेत मी नातीने लिहिले होते तसेच वाचले: वडिलांकडून ऐकल्याप्रमाणे मंदिर आधीचे, काकूंनी पाहिल्याप्रमाणे टपरी आधीची. मंडपात हशा पिकला. तेवढ्यात मागून एक वृद्ध गृहस्थ उठले. "दोन्ही चूक! पहिले इथं बोरिंग होती. म्या पाणी भरलं आहे जी!" मग जो तो आपले पाहिलेले सांगू लागला. नात कागद-पेन घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे धावत होती, आणि प्रसाद बराच वेळ तसाच झाकून राहिला.

वाचकहो, आपल्या मुखी सत्य आणि माधुर्य एकत्र नांदोत. आपल्या घरातील लेकरांना निर्भयपणे विचारण्याची बुद्धी आणि थोरांना आनंदाने उत्तर देण्याची शांती लाभो. आपल्या कुटुंबाचे सदैव कल्याण असो.