गोऱ्ह्याची माफी

"कान धर आणि त्याची माफी माग."

बाई शहरातल्या संस्थेच्या. आवाज गोड. मी पाचवीत. शाळेच्या पटांगणात प्राण्यांवर दया करा असा कार्यक्रम, पोरं पुढं, मोठी माणसं मागं. इंदापूर तालुक्यातलं गाव. नाव सांगत न्हाय, माझी माणसं अजून तिथंच राहत्यात.

बाईंनी आधी विचारलं, "घरी मटण कोण कोण खातं?" एकाचाबी हात वर न्हाय. रविवारी गावभर रश्श्याचा वास, पण त्या दिवशी समदे माळकरी! मग मागनं कुणीतरी आमच्या वस्तीचं नाव घेतलं. वस्ती ओढ्याच्या पल्याड. मेलेलं जनावर ओढायला गाव आमालाच हाक मारायचं. सगळं पटांगण माझ्याकडं बघाया लागलं.

मधोमध एक जर्शी गोऱ्हा बांधलेला. आठ-दहा दिवसांचा. गळ्यात झेंडूचा हार. गोऱ्हा तात्यांचा. तात्या म्हंजे दूध डेअरीचे चेअरमन, खुर्चीत पाहुणे म्हणून तेच बसलेले. माझी आई त्यांच्याच गोठ्यात शेण काढायची.

मी कान धरले. काय चुकलं ते ठावं नव्हतं, तरी "चुकलं" म्हणले. पोरं हसली. मग बाई म्हणाल्या, "आता प्रेमाने हात फिरव." हात पुढं केला तर गोऱ्ह्यानं माझी दोन बोटं तोंडात धरली आन् चोखाया लागला. ढुशा देत. सोडंचना.

"बघा मुलांनो, त्याने तिला माफ केलं!"

टाळ्या पडल्या.

माफ कसलं डोंबलाचं! उपाशी होतं ते. तात्यांचं बोलणं आई घरी सांगायची, "जर्शी गोऱ्हा ना औताला ना दुधाला. ह्याला पाजलं तर डेअरीला काय घालू?" पहिले दोन-तीन दिवस चीक, मग नुसतं पाणी. आई बायकांच्या मागं उभी होती. तिनं मान खाली घातली. तिला ठावं होतं, मलाबी ठावं होतं. आमी दोघी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी गोऱ्हा आमच्या ओढ्यात मरून पडलेला. सुकलेला हार गळ्यात तसाच. गावातली माणसं आली, म्हणली, "तुमीच मारला असंल." हार सगळ्यांना दिसत होता, पण त्याच्याविषयी कुणी चकार शब्द काढला न्हाय. पुरायला माझ्याच बापाला सांगितलं.

आता मी पशुसखी हाय. बारामतीत शिकले. परवापर्यंत डेअरीच्या सभासदांच्या गोठ्यात फिरायचे, जनावरांचं दुखणंखुपणं बघायचे, कसं सांभाळायचं ते सांगायचे. पण गोड बोलणाऱ्याचा मला अजून संशय येतो. हार घातलेलं जनावर दिसलं की मी आधी त्याच्या बरगड्या बघते.

गेल्या महिन्यात तात्यांचा फोन आला. "शाळेत कार्यक्रम हाय. पोरंबाळं, बाया, म्हातारी, समदी येणार. तूच शिकवायचं. गावची लेक हायस तू!"

इतकी वर्षं नव्हते, आत्ताच कशी लेक झाले? मनात पाल चुकचुकली. तरी गेले.

पहिल्या रांगेत आमच्याच वस्तीतली पोरं बसवलेली. मधोमध गोऱ्हा, ह्योबी तात्यांचाच. गळ्यात हार. तात्या कानाशी वाकले, "तुझ्या लोकांना जरा दया शिकव. तुझं ऐकत्यात."

"आन् तुमच्या गोठ्यात चालतं ते?" मी विचारलं.

"ते हितं काढू नगंस. डेअरीचं काम पायजे न्हवं तुला?"

घर त्याच कामावर चालत होतं. मग समोर बघितलं. पुढच्या रांगेतली एक पोरगी आत्ताच कानाकडं हात नेत होती. कुणी सांगायच्या आधीच.

"हात खाली घे, बाळा," मी म्हणले. गोऱ्ह्याचा हार काढला. दोन बोटं त्याच्या तोंडात दिली. त्यो चोखाया लागला, ढुशा द्याया लागला.

"तात्या, या. तुमी बोटं द्या."

तात्या खुर्चीतनं हलले न्हाईत. पण त्यांची सख्खी चुलती उठली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, काठी टेकत आली. बोटं दिली. आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आरं तात्या, उपाशी हाय की रं ह्ये लेकरू!"

मी म्हणले, "हितला धडा झाला. उरलेला तात्यांच्या गोठ्यात. चला."

पोरं उठली. म्हातारी उठली. बाकीची तात्यांच्या तोंडाकडं बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी माझं काम बंद झालं. कारण कुणी सांगितलं न्हाय, मी विचारलंबी न्हाय.

शिकवायचं मी बंद करणार न्हाय. काटेवाडीला बोलवा, कळसला बोलवा, येईन. पण आल्या आल्या दोनच गोष्टी विचारीन. गोऱ्हा कुणाचा? आन् सकाळी त्यानं दूध पिलंय का? ह्याचं उत्तर मालकानं सगळ्यांसमोर उभं राहून द्यायचं. तोवर माझ्या वस्तीतलं एकबी पोर कान धरणार न्हाय.